टोळी कुणी सांभाळली

बायोडाटातून जयाचं नाव काढलं ते कानिफनाथनं. अजिनाथनं नुसती मान हलवली.

कानिफनाथ त्याचा मावसभाऊ. नगरच्या एमआयडीसीत फिटर, नागापूरला भाड्याची खोली, बायको सुरेखा, आणि डोक्यात एक पक्कं की नोकरी कशी मिळवायची हे आपल्याशिवाय जिल्ह्यात कुणाला कळत नाही. सुट्टीच्या दिवशी बनियनवर पलंगावर मांडी घालून बसला आणि मोबाईलवर अजिनाथचा बायोडाटा टाईप करायला लागला.

"शिक्षण?"

"बारावी."

"अनुभव?"

"ऊसतोड."

कानिफनाथनं मोबाईल मांडीवर ठेवला. "ऊसतोड लिवलं तर कागद हातात बी धरनार न्हाईत. जागा कशाची निघालीय? सुपरवायझरची. पॅकिंगच्या लाईनीवर. तिथं माणसं सांभाळायचीत, त्यात निम्म्याच्या वर बाया. तू टोळी सांभाळायचास का न्हाई?"

"सांभाळायचो की. म्हंजी आमी दोघं. खरं म्हनशील तर जयाच..."

"झालं! तिथं बी असंच बोलनार? त्यांना नोकरी तुला द्यायचीय. वहिनी आता..." कानिफनाथचं वाक्य तिथंच अडकलं. तांदूळ निवडणाऱ्या सुरेखानं एकदा वर बघितलं आणि पुन्हा ताटात मान घातली.

"आन त्यात खोटं काय हाय?" त्यानं आवाज खाली आणला. "मुकादम काय म्हनायचा? अजिनाथचा कोयता. जयाचा कोयता म्हनला का कुनी कधी?"

हे मात्र खरं होतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो, आणि कोयत्याला नाव लागतं नवऱ्याचं. बाई त्यातच आली. वेगळी कुणी लिहीत नाही, वेगळी कुणी विचारत नाही.

कानिफनाथनं लिहिलं, 'टोळीप्रमुख. ऊसतोड व वाहतूक, कामगार व्यवस्थापन.' मोठ्यांदा वाचून दाखवलं. अजिनाथला वाटलं, हा कुणीतरी दुसराच माणूस आहे. पॉलिशचे बूट घालणारा.

याआधी तो दोन-तीन कंपन्यांच्या गेटवर जाऊन आला होता. अनुभवाच्या जागी त्यानं काहीच लिहिलं नव्हतं. एकानं विचारलं, "बारावी होऊन इतकी वर्षं झाली. तेव्हापासून घरीच का?" आणि अजिनाथ "व्हय" म्हणाला होता. थंडीत पहाटे उठून दुसऱ्याच्या रानात ऊस तोडलेली सगळी वर्षं त्या एका 'व्हय'मध्ये गेली. का म्हणालो, हे त्याचं त्याला कळलं नाही. लाज वाटली म्हणा. ते ऑफिस फार स्वच्छ होतं.

आता मात्र चुकून चालणार नव्हतं. कारण सृष्टी, त्याची पोर.

जया गेल्या हंगामात गेली. थंडीचे दिवस, उसाचा फड कर्नाटकच्या हद्दीला. ताप आला, तो तिनं अंगावर काढला. दवाखान्यात नेईपर्यंत तिला कुणाची ओळख राहिली नव्हती. अजिनाथकडं बघून ती म्हणाली, "भाऊ, जरा पानी द्या." त्यानं पाणी दिलं. त्यानंतर ती काही बोलली नाही.

टोळीचा मुकादम म्हणजे जयाचा बापच, गोरक्षनाथ. गाव पाथर्डीच्या पुढं, दोन डोंगरांच्या मधलं. गुडघे गेल्यापासून म्हातारा कारखान्यावर बसून गाड्यांचं बघायचा आणि फडातलं सगळं लेक-जावयावर सोडायचा. लेक गेली म्हणून टोळी थांबणार नव्हती. दसरा झाला की ट्रक भरणार. गोरक्षनाथ जाणार, त्याची बायको राहीबाई जाणार, अजिनाथ जाणार. मागं घरात कुणीच नाही म्हणून सृष्टीही जाणार. नुकतंच पहिलीत नाव घातलेली पोर.

राहीबाई एकदा त्याला अंगणात अडवून बोलली होती. "पाव्हनं, माझी लेक त्या रानानं खाल्ली. नात न्हाई मी तिकडं नेनार. तुमी नगरला कायबी बघा. झाडू मारायचं का आसंना, पन एका जागी ऱ्हावा. मी पोर तुमच्या हातात देते."

"बघतो, मामी."

"बघतो न्हाई. दसऱ्याच्या आत."

म्हणून ही नोकरी. लागली तर सृष्टी नागापूरच्या शाळेत, सुरेखाच्या नजरेखाली. नाही लागली तर ट्रकमध्ये.

बायोडाटा झाल्यावर कानिफनाथनं इंटरव्ह्यूची तालीम घेतली. उलट्या बादलीवर बसून तो साहेब झाला.

"हां, स्वतःबद्दल सांगा."

"नमस्कार साहेब. माझं नाव अजिनाथ..."

"मान वर! पोरगी बघायला आलाय का? आन हात कशाला चोळतो, तंबाखू हाय का हातात?"

सुरेखा हसली. "साहेब, दळन संपलंय. तेवढं बी मनावर घ्या."

"मधी मधी बोलू नको, हितं भरती चालूय. हां, अजिनाथ. टोळीत कुनी काम करत नसंल तर काय करायचास?"

"जया त्या बाईला बाजूला..."

"आरं!" कानिफनाथनं बादलीवर हात आपटला. "जया न्हाई. तू. तू बाजूला घ्यायचास. म्हन."

अजिनाथनं एकदा सुरेखाकडं बघितलं. मग म्हणाला, "मी बाजूला घ्यायचो."

"आस्सं. परत."

"मी बाजूला घ्यायचो."

बऱ्याच वेळा म्हणून झाल्यावर ते सोपं जायला लागलं. त्या सोपेपणाचीच त्याला भीती वाटली.

कंपनीत इंटरव्ह्यू घ्यायला निकिता मॅडम होत्या. एचआरच्या. अजिनाथपेक्षा वयानं लहान, पण बोलणं शांत आणि साधं. समोर पाण्याचा ग्लास ठेवला, "घ्या, घाम आलाय तुम्हाला" म्हणाल्या. मग कागद वाचला.

"कामगार व्यवस्थापन. म्हणजे नक्की काय करायचात?"

"टीम हँडलिंग, मॅडम. मी रिस्पॉन्सिबल आणि हार्डवर्किंग..."

"ते राहू द्या. ते सगळेच म्हणतात." त्यांनी कागद पालथा घातला. "मला टोळीतला एक दिवस सांगा. सकाळपासून."

पाठ केलेलं सगळं तिथंच संपलं. अजिनाथनं ग्लासातलं अर्धं पाणी पिऊन टाकलं आणि सांगायला लागला.

पहाटे आधी आपण उठायचं. मग प्रत्येक कोपीपुढं, म्हणजे पाचटाच्या झोपडीपुढं, जाऊन हाक मारायची. आतून 'ओ' कसा येतो त्यावरून कळतं, कुणाचं पोर आजारी आहे, कुणाच्या घरात रात्री भांडण झालंय. ज्या घरात भांडण झालं त्या दोघांना त्या दिवशी शेवटाला लावायचं, चार माणसांच्या तोंडावर ठेवायचं नाही. फडात गेल्यावर पाती वाटायच्या. पात म्हणजे एकेका कोयत्याच्या वाट्याचा उसाचा पट्टा. उभा ऊस सगळ्यांना पाहिजे. वाऱ्यानं लोळलेला कुणालाच नको, तो तोडताना कंबर जाते. टोळीत भांडणं होतात ती इथंच.

"मग तुम्ही ती कशी सोडवायचात?"

"लोळलेला ऊस आपुन घ्यायचा, मॅडम. सगळ्यांच्या आधी. मग दुसऱ्याला बोलायला तोंड ऱ्हात न्हाई."

बोलला आणि त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. हे वाक्य जयाचं होतं, जसंच्या तसं. ती हे म्हणायची तेव्हा तो चिडायचा. "मोठी दानशूर! कंबर माझी बी जाती," म्हणायचा आणि कोयता आपटत पुढं निघायचा. ती हसायची. मागून येऊन गपचूप त्याच्या पुढचं पाचट बाजूला करत राहायची.

मॅडम लिहून घेत होत्या. "पुढं?"

पुढं म्हणजे बायांचं. आता तो थांबूच शकत नव्हता. इतक्या महिन्यांत जयाबद्दल त्याला कुणी एवढं विचारलंच नव्हतं. "एखाद्या बाईला दिवस गेल्यात, आसं वाटलं तर तिच्या डोक्यावर मोळी द्यायची न्हाई. तिला खाली बसवून मोळ्या बांधायला लावायचं. पन तसं चारचौघात सांगायचं न्हाई, तिचा नवरा चिडतो, दुसऱ्या बाया टोमनं मारत्यात. नुसतं म्हनायचं, तुझी गाठ घट्ट बसती बाई, आज तू बांध. ती बी खूश, काम बी होतं."

मॅडमचा पेन थांबला. त्यांनी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं.

"हे तुमच्या ध्यानात कसं यायचं? बायकांचं हे?"

एसीचा बारीक आवाज येत होता. अजिनाथला वाटलं, आता सांगून टाकावं. मॅडम, माझी बायको होती. हे सगळं तिचं आहे. मी ऊस तोडायचो, बस. मग मॅडम काय म्हणतील? मग तुम्ही काय करायचात? डोळ्यांपुढं ट्रक आला. उसाच्या वाढ्यावर झोपलेली सृष्टी आली.

"लक्ष ठिवावं लागतं, मॅडम," तो म्हणाला.

"छान." त्या मनापासून बोलल्या. "तुम्ही माणूस बघून काम देता. ओरडून काम करून घेणारे खूप बघितले मी. हे वेगळं आहे. हे शिकवून येत नाही कुणाला."

त्यानं खाली बघितलं. मॅडमला वाटलं, लाजला.

"तुमच्या मुकादमांचा नंबर द्या. एकदा बोलून घेते, म्हणजे माझं काम झालं."

हे कानिफनाथनं सांगितलं होतं. नंबर मागतील, दे, पण सासरा आहे म्हणू नको, नात्यातला माणूस चालत नाही. अजिनाथनं ठरवलं होतं, फोन दोन-चार दिवसांनी करतील, तोवर सासऱ्याला, आबांना, गावी जाऊन समजावून सांगू. त्यानं नंबर दिला आणि मॅडमनी तिथंच लावला. मोबाईल टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला.

"हॅलो, कोन?" गोरक्षनाथचा आवाज. मागं शेळी ओरडत होती.

मॅडमनी कंपनीचं नाव सांगितलं. "अजिनाथ तुमच्या टोळीत होते ना? त्यांनी आमच्याकडं सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज केलाय."

"अजिनाथ? व्हय व्हय. पाव्ह..." म्हातारा मध्येच अडखळला. खोकला. "व्हय. हुता."

लग्न झाल्यापासून त्या माणसानं अजिनाथला कधी नावानं हाक मारली नव्हती. पाव्हनं, आलात का. पाव्हनं, जेवून घ्या. आता तो 'हुता' म्हणाला, परका झाला. इतक्या लवकर त्याला सगळं कळलं होतं.

"फडातलं काम कोण बघायचं? पाती वाटणं, भांडणं सोडवणं?"

मॅडमनी स्पीकरचा आवाज वाढवला.

"हॅलो? आवाज येतोय का?"

"येतोय."

"अजिनाथ सांगतायत की ते बघायचे. बायकांची काळजी घ्यायचे, कुणाला अवघडल्यावर हलकं काम द्यायचे. खरं आहे का?"

अजिनाथ टेबलाच्या कडेकडं बघत होता. तिथं लॅमिनेट थोडं उचकटलं होतं.

"खरं हाय," गोरक्षनाथ म्हणाला. "त्योच बघायचा."

"त्यांच्याबरोबर आणखी कुणी होतं का मदतीला? की एकटेच?"

मॅडमनी हा प्रश्न असाच विचारला होता, कागदावरची जागा भरायला. पण म्हाताऱ्याला उत्तर द्यायला फार वेळ लागला. एवढा की मॅडमनी मोबाईल उचलून रेंज बघितली.

"न्हाई," तो म्हणाला. "दुसरं कुनी न्हवतं."

आणि मग घाईनं, कुणी थांबवायच्या आत बोलावं तसं, "पोरगा चांगला हाय, बाई. घ्या त्याला. एक लहान लेकरू हाय त्याला." फोन कट झाला.

"साधा माणूस दिसतोय," मॅडम हसून म्हणाल्या. "सोमवारपासून या."

कानिफनाथनं त्या संध्याकाळी भेळ आणली. "म्हनलं न्हवतं?" असं सुरेखाला, शेजाऱ्याला, खालच्या दुकानदाराला सांगून आला. अजिनाथनं सासऱ्याला फोन लावायला मोबाईल हातात घेतला आणि परत ठेवला. आबांचाही आला नाही. शेवटी त्यानं राहीबाईच्या शेजारणीला निरोप दिला, नोकरी लागली, रविवारी सृष्टीला न्यायला येतो.

रविवारी माळीवाड्यातून एसटीनं पाथर्डी आणि पुढं जीपनं गाव. राहीबाईनं शेवयांची खीर केली होती. सृष्टीचे कपडे एका पिशवीत, वह्या दुसऱ्या पिशवीत. ती अंगणात मैत्रिणींना सांगत फिरत होती की मी नगरला चालले, तिकडं शाळेत फरशी आहे. गोरक्षनाथ ओट्यावर गुडघे पसरून बसला होता.

"आलात का, पाव्हनं."

"व्हय, आबा."

अजिनाथ चपला काढून आत गेला.

राहीबाईनं ताट वाढलं आणि समोरच बसली. किती दिवसांनी तिचा चेहरा असा उघडला होता. "सांगा की. काय काय इचारलं तिथं?"

"टोळीचं इचारलं. काम कसं चालायचं, भांडनं कशी मिटवायचो."

"मंग जयाचं सांगितलं का न्हाई?"

अजिनाथचा घास हातातच राहिला.

"सांगायचं हुतं बरं का. म्हनायचं, माझी मालकीन हुती, तिनं समदी टोळी..."

"सांगितलं त्येंनी," ओट्यावरून गोरक्षनाथ बोलला. तोंड अंगणाकडंच होतं. "समदं सांगितलं. त्या बाईचा मला फोन आल्ता. मी बी सांगितलं."

"तुमाला फोन आल्ता? आन मला बोलला न्हाई!"

"इसरलो."

"इसरलो म्हनं! लेकीचं इचारायला नगरवरनं फोन येतो आन हे इसरत्यात." राहीबाई अजिनाथकडं सरकली. तिला आता नवऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. "काय म्हनली वं ती बाई? जयाला काय म्हनली?"

अजिनाथनं ओट्याकडं बघितलं. म्हाताऱ्याची नुसती पाठ दिसत होती.

"म्हनली," अजिनाथनं घसा साफ केला, "तुमची मालकीन मानूस बघून काम द्यायची."

"आगं बाई." राहीबाईनं पदर तोंडाला लावला. "आन?"

"म्हनली, वरडून काम करून घेनारे लई बघितले मी. हे येगळं हाय. शिकवून येत न्हाई कुनाला."

"कोन शिकवनार हुतं तिला? तिसरीतनं काढली आमी, कोपी राखायला." राहीबाई रडत होती आणि हसतही होती. "नगरची बाई, शिकलेली, खुर्चीवर बसून आसं म्हनली. आजून काय म्हनली?"

मॅडम एवढंच बोलल्या होत्या. पण राहीबाई वाट बघत होती, आणि दारात सृष्टीही येऊन उभी राहिली होती, चौकटीला धरून. अजिनाथ सांगत राहिला.

"म्हनली, लोळलेला ऊस सोताहून घेनारी बाई मी ऐकली न्हाई कुठं. म्हनली, आशी बाई आपल्या कंपनीत पायजे हुती." त्यानं दारातल्या सृष्टीकडं बघितलं. "मग मला इचारलं तिनं. तुमी कधी सांगितलं का तिला, की बाई, टोळी तू चालवतीस म्हनून?"

"मंग तुमी काय म्हनला?"

"न्हाई म्हनलो. न्हाई सांगितलं कधी."

गोरक्षनाथ भिंतीला धरून उठला आणि एकेक पायरी उतरून शेळ्यांकडं गेला. तिथं काही काम नव्हतं.

राहीबाईनं डोळे पुसले. डाव भरून खीर अजिनाथच्या ताटात ओतली. "आसूंद्या. तिला म्हाईत आसंल की. बायांना कळतं." मग काहीतरी आठवल्यासारखी ती ताठ बसली. "उद्या कामावर जाताल ना? त्या बाईला माझा नमस्कार सांगा. म्हनावं, जयाच्या आईनं सांगितलाय. लई बरं वाटलं म्हनावं तिला."

"सांगतो, मामी," अजिनाथ म्हणाला.